लाल टोपणाची सिरिंज

माननीय सिस्टर यांस,
सादर नमस्कार.

आपले आभार मानण्याचे माझे सगळे प्रयत्न आजवर फसले आहेत. दिवाळीला आणलेली साडी आपण दारातूनच परत केलीत, पेढ्यांच्या पुड्यातला एकच पेढा उचलून बाकीचे मुलाला द्यायला सांगितलेत, आणि मी काही बोलू लागले की "आज सकाळी किती आली?" असे विचारून विषय आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या, शुगरवर नेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. कारण कुशिंग (अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) आणि मधुमेह हे दोन्ही आजार एकदम झालेले कुत्रे ज्यांच्या घरी आहे, त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

आपल्याला कुत्री आवडत नाहीत, हे साऱ्या सोसायटीला ठाऊक आहे. लिफ्टमधून कुत्री नेऊ नयेत या अर्जावर आपली सही होती आणि तो अर्ज मुख्यतः आमच्या चिंगीविरुद्ध होता, हेही आपण दोघी जाणतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर येऊन आपली बेल वाजवताना माझा हात किती वेळ अडला असेल, याची आपल्याला कल्पना येईल.

तोवर जे घडले ते थोडक्यात सांगते. नऊ किलोची, दहा वर्षांची आमची डॅशहुंड दिवसाला दोन-दोन लिटर पाणी पिऊ लागली होती, घरात लघवी करू लागली होती, पोट सुटले होते, पाठीवरचे केस विरळ झाले होते आणि गारव्यातही ती धापा टाकत असे. वय झाले, उकाडा आहे, अशी समजूत घालून आम्ही तीन महिने घालवले. मग एके दिवशी तिने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, आणि रक्तात साखर व लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडले की चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ) सापडल्यामुळे तिला पाच दिवस सलाईनवर ठेवावे लागले. अडुसष्ट हजार रुपयांचे बिल भरून आम्ही तिला घरी आणले, तेव्हा हातात इन्सुलिनची बाटली, औषधांच्या दुकानातून आणलेला सिरिंजचा पुडा आणि "बारा-बारा तासांनी, जेवणानंतर" एवढी एक सूचना होती. शुगर उतरेना म्हणून फोनवरून डोस पाचाचा सात झाला, साताचा दहा झाला. तरी ती साडेचारशेच्या खाली येईना.

त्या संध्याकाळी यजमान दौऱ्यावर होते, माझा हात थरथरत होता आणि चिंगी गुरगुरत होती. आपण आलात, पण चिंगीकडे पाहिलेही नाहीत. आधी बाटली उचललीत, खिडकीजवळ नेऊन चष्मा कपाळावर सारून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचलीत, मग सिरिंज हातात घेतलीत आणि तिचे नारिंगी टोपण माझ्यासमोर धरलेत. "बाटली चाळीसची आहे आणि सिरिंज शंभरची. हिला लाल टोपणाची लागते."

आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला चाळीस युनिटच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाच्या सिरिंज मिळतात; नारिंगी टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला शंभर युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते. म्हणजे मी दहाच्या रेघेपर्यंत जे भरत होते, ते प्रत्यक्षात चारच युनिट होते. दुकानदाराने न विचारता दिले आणि मी न वाचता घेतले. चूक उलटी झाली असती, शंभरची बाटली आणि चाळीसची सिरिंज अशी, तर अडीचपट इन्सुलिन गेले असते आणि चिंगी त्याच रात्री गेली असती, हे आपण मला महिन्याभराने सांगितलेत. तेव्हाच का सांगितले नाहीत, ते मला समजते.

त्यानंतरचा अर्धा तास मला जसाच्या तसा आठवतो. बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत वाती वळल्यासारखी हळूच फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि सुई त्या तंबूच्या दारातून आत घालायची. शुगर पाहायला कान आधी हाताने ऊबदार करायचा, पाठीमागून मोबाइलचा टॉर्च धरायचा, की कडेची शीर दिसते आणि तिच्याशेजारी टोचायचे. माणसाचे इन्सुलिन कुत्र्याला चालते का, असे मी विचारले, तेव्हा आपण म्हणालात, "आधी कुत्र्यांनाच दिले होते, मग माणसांना." मी नंतर वाचले. 1921 मध्ये टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवरच त्याचे प्रयोग केले होते, आणि त्यांतल्या एकीचे नाव मार्जोरी होते. आपल्या त्या एका वाक्यानंतर मला चिंगीला टोचताना पूर्वीइतके अपराधी वाटले नाही.

जाताना आपण मुलाच्या दप्तरातली एक कोरी दोनशेपानी वही मागून घेतलीत आणि पट्टीने रकाने आखलेत: तारीख, वेळ, शुगर, युनिट, खाणे, पाणी, शेरा. लोकांचे हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. माझ्याकडे बिलांची फाइल तारीखवार लावलेली होती आणि चिंगीच्या शुगरचा एकही आकडा कुठे लिहिलेला नव्हता. मी फाइल पुढे केली तेव्हा आपण ती उघडलीही नाहीत.

त्या वहीनेच पुढचे सारे ठरवले. डॉक्टरांनी लाल टोपणाच्या सिरिंजने पाच युनिटपासून पुन्हा सुरुवात करायला सांगितली आणि काही आठवड्यांत आपण चौदावर पोहोचलो, तरी दर रविवारी दोन-दोन तासांनी टोचून काढलेला बारा तासांचा कर्व्ह, म्हणजे शुगरच्या चढउताराचा आलेख, तीनशेच्या खाली काही उतरेना. वही पाहून डॉक्टर म्हणाले की किलोमागे दीड युनिट दोन वेळा देऊनही साखर हलत नसेल, तर शरीरातच कोणीतरी इन्सुलिनच्या विरुद्ध काम करत आहे. सिरिंजचा घोळ तसाच राहिला असता, तर हे वाक्य उच्चारायला त्यांच्याकडे आधारच नव्हता. आधी लघवीचे कल्चर झाले, त्यात जंतुसंसर्ग निघाला, तो बरा केला. तरीही आकडे तसेच. मग सोनोग्राफीत मूत्रपिंडांजवळच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी मोठ्या दिसल्या. कॉर्टिसॉलची आठ तासांची तपासणी मात्र डॉक्टरांनी मुद्दाम लांबवली, कारण आजाराच्या ताणानेही कॉर्टिसॉल वाढते आणि घाईत केलेली तपासणी फसवी ठरू शकते. हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये माणसांत वर्णन केलेला हा कुशिंगचा आजार कुत्र्यांत बहुतेक वेळा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतल्या बारीकशा गाठीमुळे होतो आणि जास्तीचे कॉर्टिसॉल इन्सुलिनला दाद लागू देत नाही, हे ती तपासणी झाल्यावर कळले.

कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूल सुरू झाल्या, जेवणासोबत, सकाळ-संध्याकाळ. "आता शत्रू दमेल तेव्हा चौदा युनिट हिलाच जड होतील," असे आपण पहिल्याच दिवशी बजावले होते आणि डॉक्टरांनीही तेच सांगितले होते. तरी अकराव्या रात्री साडेबाराला चिंगी भिंतीला टेकून डुलताना दिसली, तेव्हा माझी मती गुंग झाली. मीटरवर बावन्न होते. आपण गाउनवर शाल घेऊन दोन मजले उतरून आलात, मी तिच्या तोंडात ओतायला घेतलेला साखरपाण्याचा पेला माझ्या हातून काढून घेतलात, कारण अर्धवट शुद्धीत तिला ठसका लागला असता, आणि बोटावर मध घेऊन तिच्या हिरड्यांना चोळत राहिलात. पंधरा मिनिटांनी एकाहत्तर, अर्ध्या तासाने अठ्ठ्याण्णव, मग थोडे चिकन. आपल्याला कुत्र्याची लाळ किती नकोशी वाटते हे मला ठाऊक आहे, म्हणून ते बोट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सकाळी डॉक्टरांनी डोस नऊवर आणला आणि गेले वर्षभर तो आठ-नऊच्या आसपास टिकून आहे.

खर्चाचेही लिहायला हवे, कारण माझ्या ओळखीतल्या एका घराने याच दोन आजारांत पैशापायी हात टेकले. कॅप्सूल महाग आहेत, कॉर्टिसॉलच्या ठरावीक तपासण्या टाळता येत नाहीत आणि त्या टाळू नयेत. पण दर वेळी कर्व्हसाठी दिवसभर दवाखान्यात ठेवण्याचे पैसे आपल्या रविवारांमुळे वाचले, आणि घरी भेदरलेली नसल्यामुळे चिंगीचे आकडेही खरे आले. मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले, जे मधुमेही कुत्र्यांत फार वेळा होते. शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून मी सोन्याच्या पाटल्या काढायला निघाले, तेव्हा आपण मला नको असेही म्हणाला नाहीत आणि कराच असेही म्हणाला नाहीत. "महिनाभर सामान हलवू नका, मग ठरवा," एवढेच. महिन्याभरात ती स्वयंपाकघर, बाल्कनी आणि आपल्या चपलांचा आवाज बिनचूक ओळखू लागली. डोळ्यांना दुखू नये, सूज येऊ नये म्हणून थेंब चालू आहेत. पाटल्या कपाटात आहेत.

एक गोष्ट आपल्याला सांगायची राहिली होती. गेल्या महिन्यात लिफ्टचा तो जुना अर्ज पुन्हा सभेपुढे आला. मी त्यावर सही केली. चिंगीला मी आता कडेवर घेऊन जिन्याने उतरते. आंधळ्या कुत्र्याला लिफ्टचा धक्का तसाही सोसत नाही.

पहिली वही भरली आहे. दुसरीचे रकाने मीच आखले, पण 'पाणी' आणि 'शेरा' यांमधली रेघ वाकडी आली आहे, ती आपल्या नजरेतून सुटणार नाही. आज सकाळी सातची शुगर एकशे चौऱ्याऐंशी, आठ युनिट, वाटीतले सगळे संपवले. रविवारी कर्व्ह आहे. पहिली टोचणी नऊ वाजता; त्याआधी चहा ठेवते, बिनसाखरेचा.

आपली कृतज्ञ,
पहिल्या मजल्यावरची शेजारीण