डी ला सोलच्या नव्या अल्बमवर नाराज का आहात ते तरी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत डी ला सोल या अमेरिकन रॅप बँडच्या नव्या अल्बमवर चार ओळी वाचल्या, चाहत्यांच्या प्रतिक्रिया संमिश्र आहेत म्हणून विषय तिथंच संपवलाय. कोण नाराज आहे, कशावर नाराज आहे, कुणाला आवडलं तर काय आवडलं, यातलं काहीच नाही. सोलापुरात हा बँड ऐकणारे लोक फार नसतील पण आहेत, आणि आमच्यात ह्या अल्बमवरून इतकी भांडणं झालीत की ते सगळं मला लिहावंसंच वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ॲमिटीव्हिल म्हणून गाव आहे, तिथले तीन शाळकरी मित्र, पॉस, डेव्ह आणि मेसीओ. 1989 ला पहिला अल्बम काढला. रॅप म्हणजे राग आणि गळ्यात सोन्याच्या साखळ्या असं लोक समजायचे तेव्हा ही पोरं फुलं, गमतीजमती आणि जुन्या रेकॉर्ड्सचे तुकडे जोडून केलेली गाणी घेऊन आली. 12 फेब्रुवारी 2023 ला डेव्ह गेला, 54 वर्षांचा होता, हृदयाचा त्रास होता त्याला. त्यानंतरचा हा पहिला अल्बम, 'केबिन इन द स्काय', नोव्हेंबर 2025 मध्ये आला आणि यात डेव्हचा आवाज आहे.

आता भांडण. आमच्यात दोन पिढ्या आहेत. एक आमची, कॉलेजात असताना एमपीथ्रीच्या सीडीवरनं ऐकलेली, आणि दुसरी विशीतली पोरं, ज्यांना हा बँड 2021 च्या स्पायडरमॅनच्या पिक्चरमध्ये शेवटी गाणं लागतं तिथनं कळला. यातली दोन-तीन पोरं शहराच्या पूर्व भागातली आहेत, स्वतः रॅप करतात, तेलुगू मराठी हिंदी एकाच ओळीत घेतात आणि चांगलं करतात. पार्कजवळच्या चहाच्या गाड्यावर फोन मधे ठेवून अल्बम लावला तर तिसऱ्या-चौथ्या गाण्यालाच एक जण म्हणाला, "काय बे हे, पहिल्यासारखं काहीच नाही की." आणि मग सुरू झालं ते अजून चाललंय.

पहिल्यासारखं नाही ही तक्रार मला मुळातच पटत नाही. ह्या बँडनं ती 1991 लाच निकालात काढलीय. पहिला अल्बम गाजल्यावर लोक त्यांना फुलवाली पोरं, हिप्पी म्हणायला लागले, त्याला कंटाळून दुसऱ्याच अल्बमचं नाव त्यांनी 'डी ला सोल इज डेड' ठेवलं आणि कव्हरवर फुटलेली कुंडी छापली. आपलंच चाललेलं दुकान आपल्या हातानं बंद करायला हिंमत लागते. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी घ्या ना, पंडित घराण्यातला माणूस, पेशवाईत लावण्यांनी गाजला, मराठीत संस्कृत मिसळून लिहायचा, आणि पुढं फड सोडून कीर्तनाकडं वळला. त्यांच्या लावणीवर जीव टाकणाऱ्यांना तेव्हा काय वाटलं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो, नाराज झालेच असणार की. म्हणून कीर्तन खोटं ठरत नाही.

दुसरी तक्रार, फार लांब आहे. हे मात्र मला मान्य. विसेक ट्रॅक आहेत, तासाच्या वर जातं, आणि मधली चार-पाच गाणी काढली असती तर काही बिघडलं नसतं. पाहुणेही भरपूर बोलावलेत, नास, कॉमन, क्यू-टिप, ब्लॅक थॉट, स्लिक रिक, रॅपमधली सगळी मोठी माणसं, पण काही ठिकाणी घरच्यांनाच बसायला जागा उरत नाही. डीजे प्रीमियर आणि पीट रॉक या संगीतकारांचे बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, मात्र असे आहेत की त्या पूर्व भागातल्या पोरांनीही मान हलवली, जी पोरं एरवी जुन्या धाटणीच्या बीटला नाकं मुरडतात.

गाण्यांच्या मधे बोलणं कशाला, यात जियानकार्लो एस्पोझितो हा नट सूत्रधारासारखा बोलत राहतो, ते नको, असंही काही जणांचं म्हणणं आहे. त्यांनी पहिला अल्बम ऐकावा. गाण्यांच्या मधे छोटे प्रसंग घालायची पद्धत रॅपमध्ये रुजवली ती यांनीच, तिथं गेम शोचं नाटक होतं. गणगौळण नको फक्त वग दाखवा असं तमाशाला कुणी म्हणत नाही.

पण खरा वाद तिसराच आहे आणि तुमच्या चार ओळींत तो आलाच नाही. आमच्यातला एक जण, याचा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी गेलाय, तो अर्ध्यातनं उठला. नंतर म्हणाला, गेलेल्या माणसाला परत कामाला लावल्यासारखं वाटतं मला, नाही ऐकवत. यावर कुणी काही बोललं नाही. मला अजूनही वाटतं की अल्बमवर आलेली सगळ्यात प्रामाणिक प्रतिक्रिया ती आहे, आणि तरीही मला ती मान्य नाही, का ते सांगतो.

ह्या बँडची पहिली सगळी गाणी कित्येक वर्षं इंटरनेटवर अधिकृतपणे मिळतच नव्हती. जुन्या रेकॉर्ड्सचे तुकडे वापरलेले, करार कॅसेटच्या जमान्यातले, त्यात डिजिटलचा उल्लेख नाही, शिवाय एका तुकड्यावरून द टर्टल्स या बँडच्या लोकांनी 1991 ला कोर्टात खेचलेलं, त्यामुळं सगळं अडकून पडलं. भजनी मंडळात आपण सिनेमाच्या चालीवर अभंग बसवतो तेव्हा कुणी नोटीस पाठवत नाही, तिथं पाठवतात. 2014 ला व्हॅलेंटाइन डेला वैतागून त्यांनी आपली जुनी सगळी गाणी 25 तास फुकट वाटली. मी तेव्हा डोंगल लावून रात्रभर डाऊनलोड करत बसलो होतो. 2016 चा अल्बम तर चाहत्यांच्या वर्गणीतनं झाला, मागितले होते एक लाख दहा हजार डॉलर, जमले सहा लाख, आणि तुकड्यांचं लफडंच नको म्हणून त्यांनी वादक बसवून स्वतःच तासन् तास वाजवून घेतलं आणि त्यातनंच तुकडे कापले. शेवटी जुनी गाणी स्ट्रीमिंगवर आली 3 मार्च 2023 ला. डेव्ह गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत. इतकी वर्षं ज्यासाठी भांडला ते त्याला बघायला मिळालं नाही.

असा माणूस गेल्यावर उरलेल्या दोघांनी त्यानं जिवंतपणी रेकॉर्ड करून ठेवलेलं बाजूला टाकून नवा अल्बम काढला असता तर मला ते जास्त दुखलं असतं. कंपनीनं पैशासाठी उरलासुरला आवाज कुठनंतरी आणून चिकटवणं वेगळं, ते मी पण ऐकत नाही. इथं शाळेपासूनचे मित्र आहेत. पोवाड्यात शाहिरानं ओळ टाकली की झीलकरी उचलतो, पॉस आणि डेव्हचं तसंच होतं, एकानं सोडायचं दुसऱ्यानं धरायचं. डेव्हची ओळ येते तिथं अल्बम एकदम भरतो आणि तो नसतो तिथं पॉस एकटा पडलेला ऐकू येतो. पॉसचं लिखाण यावेळी त्यामुळंच फार उघडं झालंय, शब्दांचे खेळ कमी, सरळ दुःख जास्त. ह्याला कुणी थकलेपणा म्हणत असेल तर म्हणो, मला ते वयाला शोभणारं वाटलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी विशीतल्या पोरांसारखं गावं अशी अपेक्षा आपण रॅपवाल्यांकडूनच का करतो?

माझ्या मित्राशी मी यावर वाद घालणार नाही, त्याला नाही ऐकवत तर नाही ऐकवत. पण पेपरनं ही दोन्ही म्हणणी छापायला हवी होती. हा वाद आपल्याकडं पण येणारच आहे, गेलेल्या गायकांचे आवाज कॉम्प्युटरवर बनवून नवी गाणी फिरायला लागलीच आहेत, आणि कुठलं चालेल कुठलं नाही यावर मराठीत कुणी नीट लिहीत नाही.

तर विनंती एवढीच की पुरवणीत यावर अर्धं पान द्या. माझं मत नाही छापलं तरी चालेल, पण पूर्व भागातला तो पोरगा, ज्याला हा अल्बम अजिबात आवडला नाही, त्याला लिहायला सांगा. त्याला बीटमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि कुठल्या गाण्यात काय फसलंय ते तो मिनिट-सेकंदासकट सांगतो. त्याला विचारून ठेवलंय, तो लिहायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर