पार्किंगमधल्या त्या आजोबांचे आभार
ह्यूस्टनमध्ये ऑटो पार्ट्सच्या दुकानाबाहेर माझा 1966 चा शेव्हरोले सी-10 पिकअप ट्रक अडकला. पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेकचं किट आणि व्हॅक्यूम बूस्टर (पेडलला जोर कमी लागावा म्हणून) बसवून घेतला होता. पण थोडं चालवलं की पुढची चाकं जाम, वर जळका वास. एका अनोळखी आजोबांनी मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) नट जरा सैल केले आणि चाकं मोकळी! बूस्टरचा पुशरॉड (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब, त्यामुळे पेडल सोडलं तरी ऑइल मागे येत नव्हतं. (महागड्या किटच्या कागदात यावर अक्षर नाही.) रॉडचं टोक आत फिरवून त्यांनी रॉड आणि पिस्टनमध्ये बारीक फट ठेवली. पैसे घेतले नाहीतच, उलट घरापर्यंत मागोमाग आले. वाटेत गॅस स्टेशनवर थांबवून चाकांजवळ तळहात धरून ताप पाहिला. आजोबा, मनापासून आभार! ट्रक आता झकास थांबतो.