शिकागोच्या तळ्याकाठून

शिकागो, ३ सप्टेंबर २०२४

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "तिथं दिवसभर करतोस तरी काय?" आणि मी नुसतं "फिरतो" म्हणालो. नात मांडीवर होती आणि सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. आज सवडीनं लिहायला बसलोय.

मुलगी-जावई कामाला लागले, नात पाळणाघरात गेली, की मी पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली आणि दोन दशम्या टाकतो आणि तळ्यावर जातो. इथल्या चौपाट्या मे महिन्याच्या अखेरीस पोहायला उघडतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, हंगाम संपतो. काल तो सोमवार होऊन गेला. आज सकाळी गेलो तर जीवरक्षकांच्या उंच खुर्च्या रिकाम्या, झेंड्याची काठी बोडकी. एकदम चुकल्यासारखं झालं बघ.

मी तळं म्हणतो, पण मिशिगन सरोवराची लांबी पाचशे किलोमीटरच्या जवळपास आहे. कोल्हापूरहून निघून मुंबई गाठली तरी शंभरएक किलोमीटर उरतील. सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. तशी दोन एकावर एक ठेवली तरी बुडतील. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, पायाखाली वाळू, आणि पाणी मात्र गोडं! पहिल्या दिवशी मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो, एक लाट तोंडावर आली आणि ओठांवर खारटपणा येईल म्हणून मी नकळत तोंड मिटलं. खारट काहीच आलं नाही. समुद्राचा सगळा थाट आणि चव रंकाळा तलावाची, म्हणजे आपल्या लहानपणच्या रंकाळ्याची.

मुलीचं घर शहराच्या उत्तर टोकाला, रॉजर्स पार्कमध्ये. तिथं गल्ली संपते तिथं वाळू लागते. खरंच. दोन्ही बाजूंना घरं, झाडं, गाड्या लावलेल्या, आणि पुढं रस्ता संपून पाणी. अशा गल्लीबोळांच्या छोट्या चौपाट्या धरून शहरात पंचवीसएक चौपाट्या आहेत, आणि एकीलाही तिकीट नाही. डेव्हन अव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकानं आहेत. तिथून १५५ नंबरची बस धरली की सरोवराजवळ उतरता येतं. जूनमध्ये मी एकदा तिथून मेथीची जुडी घेतली आणि घरी न जाता तशीच वाळूवर नेली, पाण्याकडं तोंड करून निवडली. शेजारची एक मेक्सिकन आजी बराच वेळ बघत होती. मग ती जवळ सरकली आणि न बोलता निवडू लागली. भाषा दोघांनाही कळत नव्हती, पण देठ किती ठेवायचा ते तिला बरोबर कळलं.

काठाकाठानं दक्षिणेला जाणारी तीसेक किलोमीटरची वाट आहे. चालणाऱ्यांची वेगळी, सायकलवाल्यांची वेगळी. मी ती तुकड्या-तुकड्यानं अख्खी चाललो. माँट्रोजला वाळूवर गवत उगवू दिलंय, तो भाग दोर लावून पक्ष्यांसाठी राखलाय. २०१९ साली तिथं चिखल्या जातीच्या एका दुर्मिळ पक्ष्याच्या जोडीनं घरटं केलं, शहरात साठेक वर्षांनी. त्याच उन्हाळ्यात त्या चौपाटीवर मोठा संगीताचा जलसा ठरलेला होता, तो रद्द झाला. मूठभर पक्ष्यासाठी! मला हे फार आवडलं.

पण माझं पाटबंधारे खात्यातलं मन जिथं रमलं ती जागा ओहायो स्ट्रीटची चौपाटी. इथं लांब पल्ल्याचं पोहणारे भिंतीच्या कडेनं येरझाऱ्या घालतात आणि शेजारीच शहराचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. म्हणजे पोहायचं पाणी आणि प्यायचं पाणी एकच. काठावरून नजर लांब टाकली की पाण्यात गोल घरासारखं काही दिसतं, ती पाणी उचलायची विहीर. काठाजवळचं पाणी घाण म्हणून यांनी १८६७ साली तळाखालून दोन मैलांचा बोगदा काढून लांबचं पाणी आणलं. तेवढ्यानं भागेना, कारण शहराचं सांडपाणी नदीतून सरोवरातच येत होतं. मग १९०० साली यांनी नदीच उलटी वाहवली. पंचेचाळीस किलोमीटरचा कालवा खणला आणि नदीचं तोंड सरोवराकडून फिरवून पलीकडच्या खोऱ्यात सोडलं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे पाणी अडवायचे बरगे घालण्या-काढण्यात हयात गेलेला मी, त्या नदीच्या पुलावर अर्धा तास उभा होतो.

हे सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. यांची घाण खालच्या गावांकडं गेली, खालच्या राज्यानं त्यावर खटला भरला. आणि आजही ढगफुटीसारखा पाऊस झाला की दरवाजे उघडावे लागतात, मैलामिश्रित पाणी सरोवरात येतं आणि चौपाट्या पोहण्यासाठी बंद होतात. फरक एवढाच की ते लपवत नाहीत. उन्हाळ्यात पाण्याची रोज तपासणी होते, निकाल त्याच दिवशी लागतो, आणि काठावर झेंडा लागतो : हिरवा, पिवळा नाहीतर लाल. पोरांनासुद्धा कळतं. आपल्याकडं नाल्याचं पाणी रंकाळ्यात मिसळतंय हे आपल्याला केंदाळ पसरल्यावर कळलं, तेव्हा उशीर झाला होता.

आता तुझ्या विषयाकडं येतो, वकीलसाहेब.

शहराच्या मधोमध ग्रँट पार्क आहे. आपल्या पेठांत राहिलेल्या माणसाला एवढी मोकळी जागा इतक्या महागड्या ठिकाणी कशी राहिली हे कोडं पडतं. मी नातीच्या वाचनालयात बसून शोधलं. १८३६ साली जमिनीचे प्लॉट पाडणाऱ्यांनी नकाशावर त्या पट्ट्यावर लिहून ठेवलं : सार्वजनिक जागा, कायम मोकळी राहील, इमारत किंवा दुसरा कसलाही अडथळा नसेल. एक ओळ. पण पुढं सगळ्यांनी तिथं काय काय बांधायला घेतलं. १८७१ च्या मोठ्या आगीनंतर जळक्या शहराचा राडारोडा तिथंच पाण्यात टाकला, त्यावर शेड उभ्या राहिल्या. तेव्हा आरन माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक व्यापारी, टपालानं माल विकणारा, त्या नकाशावरची ओळ धरून १८९० साली कोर्टात गेला. तो खटले लढत राहिला १९११ पर्यंत. एकवीस वर्षं, दत्ता. स्वतःच्या पैशानं. शहरातल्या प्रतिष्ठितांनी त्याला विकासाच्या आड येणारा ठरवलं. हे शब्द तू किती वेळा ऐकलेस, ते मला माहीत आहे.

आणि दुसरं. १८६९ साली इथल्या विधिमंडळानं बंदरातली पाण्याखालची हजार एकरांहून जास्त जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली, चार वर्षांनी ती परत घेतली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८९२ चा निकाल : पाण्याखालची ही जमीन सरकारकडं लोकांचा विश्वस्त म्हणून आहे, ती अशी देऊन टाकता येत नाही. वाचताना मला तुझा रंकाळ्याचा अर्ज आठवला. त्यात तू कमलनाथ खटल्याचा आधार घेतला होतास, सार्वजनिक विश्वस्त तत्त्व म्हणून. प्रती मीच जुळवून दिल्या होत्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं बियास नदीकाठच्या त्या खटल्यात ज्या जुन्या अमेरिकन निकालाचा दाखला दिला, तो हाच, याच काठाचा. ज्या पाण्यासाठी ते तत्त्व मांडलं गेलं त्या पाण्याच्या कडेला मी उभा होतो. त्या क्षणी तू बरोबर हवा होतास, एवढंच वाटलं.

तिथून पुढं दक्षिणेला चालत गेलं की एकोणतिसाव्या रस्त्याचा काठ लागतो. ही जागा मला सोपी गेली नाही. २७ जुलै १९१९, रविवार, उकाडा. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. पाण्यात कुठली रेघ काढलेली नव्हती, पण काळ्यांचा काठ कुठला आणि गोऱ्यांचा कुठला हे ठरलेलं होतं. तराफा वाहत पलीकडं गेला. एका गोऱ्या माणसानं दगड मारले, पोर बुडालं. पोलिसानं त्या माणसाला धरायला नकार दिला. पुढच्या आठवड्याभरात दंगलीत ३८ माणसं मेली, २३ काळी आणि १५ गोरी. तू म्हणशील लगेच महाड आठवलं असेल, हो, आठवलं. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते त्यानंतर आठ वर्षांच्या आत, २० मार्च १९२७ ला. आणि इथं १९६० आणि ६१ साली दक्षिणेकडच्या रेनबो चौपाटीवर काळे-गोरे लोक मिळून मुद्दाम पाण्यात उतरले, त्यांनीही दगड खाल्ले. "सगळ्यांसाठी मोकळं" ही ओळ १८३६ ची, पण सगळे म्हणजे कोण ते ठरायला सव्वाशे वर्षं लागली. मी वहाणा काढून थोडा वेळ तिथं बसलो आणि मग चालू लागलो.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. पंचावन्नाव्या रस्त्याजवळ जमिनीचं एक नाक पाण्यात घुसलंय, प्रॉमोंटरी पॉइंट. भर घालून केलेलं, १९३७ साली खुलं झालं, आल्फ्रेड काल्डवेल नावाच्या माणसानं आखलं. वर कुरण, झाडं, बसायला दगडांची गोल कडी. आणि काठाला आपल्या बंधाऱ्यांच्या दगडी पिचिंगसारखी, पण पायऱ्यापायऱ्यांची, चुनखडीच्या अजस्र दगडांची उतरंड. एकेक दगड बैलगाडीएवढा. रंकाळ्यावर संध्यामठाकडच्या पायऱ्यांवर दुपारी जसा हाताला ऊबदार खडबडीतपणा लागतो ना, तसाच. काही दगड कलंडलेत, मधल्या फटींत पाणी गुळगुळ करतं. दगडांखाली लाकडी पेट्या आहेत, दगडगोट्यांनी भरलेल्या. लाकूड पाण्याखाली राहिलं तर टिकतं. पातळी उतरून त्याला हवा लागली की कुजतं. आणि या सरोवराची पातळी वर-खाली होते. २०१३ ला तळ गाठला, २०२० ला त्याहून सहाएक फूट वर. पेट्या कुजल्या, दगड खचले. म्हणून बाकी काठ काँक्रीटचा झाला. इथंही तेच ठरलं होतं, पण लोकांनी वीस वर्षं हट्ट धरला : दगड काढायचे नाहीत, तेच पुन्हा बसवा. गेल्या वर्षी शहरानं त्या जागेला वारसा म्हणून मान्यता दिली. मी इंजिनिअर म्हणून काँक्रीटच सुचवलं असतं, तीस वर्षांपूर्वी नक्कीच. आज सुचवणार नाही. काँक्रीटच्या काठावर माणसं बसतात; दगडांच्या काठावरून ती पाण्यात उतरतात.

काल हंगामाचा शेवटचा दिवस म्हणून मी तिथंच गेलो. सकाळी साडेसात. अंगात झगे घालून घरून चालत आलेली म्हातारी माणसं, दगडावर ठेवलेले कॉफीचे पेले. पाणी थंड, आत दहा फुटांवरचा तळ दिसत होता. मी पन्नासएक हात पोहलो. पत्र्याचा डबा पाठीला बांधून तू मला रंकाळ्यात ढकललंस तेव्हाची दोरी अजून पाठीला काचते असं वाटतं मला, पाण्यात उतरलं की. परत येताना शेवाळलेल्या दगडावर पाय ठरेना. माझ्याच वयाच्या एका काळ्या गृहस्थानं वरून हात दिला आणि ओढून घेतलं. त्यानं गाव विचारलं. मी कोल्हापूर सांगितलं, म्हणालो, आमच्याकडंही गावात तळं आहे, दगडी पायऱ्या आहेत, एका अंगाला राजवाडा आहे, संध्याकाळी भेळ मिळते.

त्यानं विचारलं, "मग तू त्यात पोहतोस?"

मी म्हणालो, "पोहायचो." तो काही बोलला नाही, टॉवेल पुढं केला.

दत्ता, शनिवारी गणपती. इथला गणपती शाडूचा आहे, अंगणात टबात विसर्जन करून ती माती तुळशीला घालायची असं नातीनंच ठरवलंय. तू विसर्जनाला इराणी खाणीवर यंदाही मंडळांच्या पोरांबरोबर उभा राहणार असशीलच. रात्रीचा घोंगडी-स्वेटर काही तरी ने, मागच्या वर्षीचा खोकला महिनाभर पुरला होता.

१८९२ च्या निकालाची पूर्ण प्रत मी छापून घेतलीय, ठळक परिच्छेदांना पेन्सिलीनं खुणा केल्यात. माझं तिकीट १९ ऑक्टोबरचं आहे. आल्यावर दुसऱ्याच सकाळी संध्यामठाकडून चौपाटीपर्यंत आपण दोघं चालू, आणि नाला जिथं मिळतो तिथं मी पाण्याची बाटली भरून घेईन. तपासणी कुठं करून मिळेल तेवढं तू आधी विचारून ठेव. दर महिन्याचे आकडे लिहायला मी जुनं मोजमाप पुस्तक माळ्यावरून काढतो.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता