कोटेशनमध्ये एक, कॅबिनेटमध्ये दुसरंच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: ऑर्डर केलेले पार्ट बदलून पाठवल्याबद्दल, आणि ते बदलून मिळण्याबाबत

नमस्कार,

तुमच्या सपोर्टवाल्यांशी फोनवर बोलून झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवून झाले, आणि दरवेळी उत्तर एकच, "मॅडम, तेच आहे हो". तेच नाहीये म्हणून तर फोन करत होते. आता सगळं लेखी देतेय, म्हणजे मी नक्की काय म्हणाले यावर वाद नको.

मी तुमच्या साइटवर पार्ट एकेक निवडून पीसी बनवायला दिला होता. रेडीमेड "गेमिंग पीसी" उचलला नव्हता. दिवसा माझं अ‍ॅप बनवायचं काम अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर (कॉम्प्युटरवर चालणारा नकली फोन), डॉकर आणि डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) यांच्यात चालतं आणि रात्री गेम, त्यामुळे कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे सगळं ठरवून यादी केली होती. प्रोसेसर रायझन ५ ७६०० घेतला, ६ कोर १२ थ्रेड, ६५ वॅटचा, खोक्यात कूलर येतो म्हणून वेगळा कूलर नको, आणि आत साधं का होईना ग्राफिक्स आहे म्हणजे उद्या कार्ड बिघडलं तरी ऑफिसचं काम थांबत नाही. प्रोसेसर बरोबर आलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर बराच वेळ स्क्रीन काळी होती त्याचीही नाही, या प्रोसेसरचा एएम५ जातीचा मदरबोर्ड रॅम ओळखायला तेवढा वेळ घेतो हे मला माहितीये. आणि वायरिंग खरंच छान केलंय, ज्याने केलं त्याला सांगा.

आता ग्राफिक्स कार्ड. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय आरटीएक्स ३०६० १२ जीबी. आलंय आरटीएक्स ३०६० ८ जीबी. तुमचा माणूस म्हणतो ३०६० म्हणजे ३०६०च, चिप तीच आहे. चिप तीच असेल हो, पण १२ जीबीवाल्याला मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, १९२ बिटची आहे आणि ८ जीबीवाल्याला १२८ बिटची, बँडविड्थ ३६० वरून थेट २४० जीबी प्रति सेकंदावर येते, म्हणजे मेमरी कमी ती कमीच आणि वरून रस्ताही अरुंद. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं की पहिल्याच पानावर बस विड्थ १२८ बिट दिसते, तो स्क्रीनशॉट जोडलाय. आणि मुळात विचार करा, मला ८ जीबीच चालणार असतं तर मी त्यापेक्षा नवीन ४०६० नसतं का घेतलं? ते ११५ वॅटमध्ये चालतं, ३०६० ला १७० वॅट लागतात. जुन्या पिढीचं, जास्त वीज खाणारं कार्ड मी निव्वळ त्या १२ जीबीसाठी निवडलं होतं, कारण सीयूडीएवर (एनव्हिडियाच्या कार्डावर आकडेमोड करायची सोय) छोटी एआय मॉडेलं चालवून बघते आणि त्यात मेमरी संपली की विषयच संपतो. ऑर्डर कन्फर्म करायच्या फोनवर "भावाला गेमिंगसाठी घेताय का" असं मला विचारलं होतं. नाही, मलाच हवंय, आणि मला काय हवंय ते यादीत लिहिलेलं होतं.

रॅमची गोष्ट तर अजून भारी आहे. मागवली होती १६-१६ जीबीच्या दोन स्टिकची किट, डीडीआर५, वेग ६०००, सीएल३० (हा आकडा जितका कमी तितका रॅमचा प्रतिसाद लवकर). निघाली ३२ जीबीची एकच स्टिक, ५६०० वेगाची. यावर मला सांगण्यात आलं की ३२ म्हणजे ३२च, उलट स्लॉट मोकळे राहिले, पुढे वाढवता येईल, हा आमच्याकडून अपग्रेडच समजा. अहो, अपग्रेड कसला? प्रोसेसर आणि रॅममध्ये दोन रस्ते म्हणजे चॅनल असतात, एका स्टिकवर त्यातलं एक रिकामं बसतं. मग तुमच्या टेक्निशियनने मला सीपीयू-झेडचा (प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फोटो पाठवला, त्यात २ x ३२ बिट लिहिलंय, बघा मॅडम ड्युअल चॅनल चालू आहे. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकमध्येच ३२ बिटचे दोन भाग असतात, त्यामुळे एक स्टिक लावली तरी तिथे २ दिसणारच. दोन स्टिक लावल्या की तिथे ४ x ३२ दिसतं. माझ्याकडे अर्धी रुंदीच चालू आहे आणि त्यासाठी पुरावा म्हणून तुम्ही जो फोटो पाठवलात तोच माझा पुरावा आहे. आणि हो, चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच स्टिक का मागितल्या तेही सांगते, रायझन ७००० मालिकेवर (माझा ७६०० त्यातलाच) चार स्टिक भरल्या की प्रोसेसरची कंपनी अधिकृतपणे ३६०० चाच वेग सांगते. म्हणून जे लागणार आहे ते दोन स्टिकमध्येच घ्यायचं ठरवलं होतं. डब्ल्यूएसएल काही सेटिंग न करता अर्धी रॅम स्वतःसाठी धरून बसू शकतं, त्यावर एम्युलेटर उघडा, त्यामुळे ३२ ही माझी चैन नाहीये, रोजची गरज आहे.

एसएसडीबद्दल मात्र मला खरंच राग आलाय. बाकीच्या दोन गोष्टीत फार तर गोदामात गडबड झाली असं समजून घेता येईल. पण ड्राइव्ह किती तास चाललीय ते दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं तर ड्राइव्ह आधीच अकराशे तासांहून जास्त चाललेली दिसतेय. माझ्याकडे पीसी आल्यापासून रात्रंदिवस चालू ठेवला असता तरी इतके तास भरले नसते. म्हणजे कुणीतरी वापरून परत केलेली ड्राइव्ह फॉरमॅट मारून नवीन म्हणून मला लावलीय. नवीन मालाचे पैसे घेऊन वापरलेला माल देणं याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा. त्यात आधी कुणाचा काय डेटा होता, मला माहिती नाही आणि बघायचंही नाही, माझ्या क्लायंटचा कोड मी त्यावर ठेवणार नाही एवढं नक्की. सध्या जुन्या लॅपटॉपवरच काम चालू आहे.

आता बिल. लाखाच्या घरात पैसे भरले, १८ टक्के जीएसटी धरून, आणि बिलावर एकच ओळ, "असेंबल्ड डेस्कटॉप, १ नग". कार्डाचा सिरियल नंबर नाही, रॅमचा नाही, एसएसडीचा नाही, पॉवर सप्लायचा नाही. उद्या कार्ड गेलं तर ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरवाला बिलात त्या कार्डाचं नाव विचारणार, तेव्हा मी हा एक नग दाखवू का? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात काउंटरवर उभं राहून घेतलं तरी सांगितलं की सिरियल नंबर टाकून बिल मिळतं, तुम्ही तर ऑनलाइन कंपनी आहात. वर रिकामी खोकी पण दिली नाहीत, फक्त मदरबोर्डचं एक खोकं आणि त्यात सगळ्या उरलेल्या वायरी कोंबलेल्या.

"खोकं उघडलं की रिटर्न नाही" हा नियम मला ऐकवू नका. कॅबिनेट न उघडता आणि पीसी चालू न करता आत कोणती रॅम आहे हे कुणालाच कळणार नाही. आणि तो नियम मन बदललं तर लागू करा, इथे माल चुकीचा आणि वापरलेला आहे. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ सलग काढलेला आहे, सील तोडण्यापासून, तो मेलला जोडलाय.

मला हवंय ते असं. १२ जीबीचं कार्ड, यादीतली दोन स्टिकची रॅम आणि शून्य तास चाललेली, यादीतल्याच मॉडेलची नवीन एसएसडी द्या, आणि प्रत्येक पार्ट सिरियल नंबरसकट लिहिलेलं सुधारित बिल. एखादा पार्ट स्टॉकमध्ये नसेल तर तसं सांगा आणि त्या पार्टचे कोटेशनमधले पूर्ण पैसे परत करा, मी दुसरीकडून घेईन. "त्याच रेंजमधलं" काहीही मला न विचारता पाठवायचं नाही. कूपन, वॉलेट पॉइंट, फुकट आरजीबी पंखा यातलं काही नकोय.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तुम्हाला ही तक्रार ४८ तासांत मिळाल्याचं कळवायचं आहे आणि एक महिन्याच्या आत सोडवायची आहे. नाही सोडवलीत तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवणार आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण लागत नाही, त्यामुळे मी मुंबईला खेटे घालणार नाही, यायचं असेल तर तुम्ही या.

फोन संध्याकाळी ७ नंतर करा, आणि ज्याला चॅनल आणि स्टिक यातला फरक कळतो अशाच माणसाला करायला सांगा. पिकअपला माणूस पाठवाल तेव्हा कार्ड भरायला खोकं आणि अँटिस्टॅटिक पिशवी सोबत द्या, माझ्याकडे ती नाहीत, तुम्ही पाठवलीच नव्हती.

तुमची ग्राहक,
नाशिक रोड

सोबत: कोटेशन, बिल, तिन्ही स्क्रीनशॉट, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ