दुरुस्तीचा ठेका देण्यापूर्वी कामाचा तक्ता व पाण्याच्या वाहिन्यांचा नकाशा तयार करण्याबाबत

दि. ८ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
विजापूर रोड, सोलापूर.

महोदय,

गच्चीचे वॉटरप्रूफिंग, डक्टमधील जुने पाईप बदलणे आणि बाहेरचा गिलावा व रंग ही तिन्ही कामे एकत्र हाती घेण्याचा ठराव गेल्या सभेत झाला, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आता ठेकेदारांची कोटेशन्स आली असून समिती दरांची तुलना करीत आहे. दर पाहिलेच पाहिजेत. परंतु कोणते काम कोणत्या कामानंतर सुरू होणार, त्याला किती दिवस लागणार आणि त्या दिवसांत कोणते कारागीर लागणार, याचा उल्लेख एकाही कोटेशनमध्ये नाही. म्हणून वर्क ऑर्डर देण्यापूर्वी दोन कागद तयार करून ते सभासदांसमोर ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. एक, सर्व कामांचा वेळेचा तक्ता; आणि दुसरा, इमारतीतील पाण्याच्या वाहिन्यांचा नकाशा.

मागच्या खेपेला बाहेरचा रंग आधी झाला आणि डक्टमधील गळतीचे काम नंतर निघाले. नवा रंग दिलेल्या भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या, त्यांवरची ठिगळे आजही रस्त्यावरून दिसतात आणि परांचीचे भाडे सभासदांना दोनदा भरावे लागले. यात कोणाची नियत वाईट होती, असे मी म्हणत नाही. क्रम कागदावर मांडलेला नव्हता, त्यामुळे तो चुकतो आहे हे वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही.

आडव्या पट्ट्यांचा असा तक्ता करण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील अभियंते हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात तो कारखान्यांत रूढ केला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. डावीकडे कामांची नावे, वर तारखा आणि प्रत्येक कामापुढे त्याच्या मुदतीएवढी पट्टी, एवढाच त्याचा घाट असतो. पुढे १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलात पोलारिस क्षेपणास्त्राच्या कार्यक्रमासाठी त्यापुढची पायरी गाठली गेली. कोणते काम कोणावर अवलंबून आहे हे बाणांनी जोडायचे आणि त्यांतील सर्वांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतील एक दिवस लांबला की सगळे काम एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना मात्र थोडी सवड असते.

हे आपल्या कामाला लावून पाहिले, तेव्हा जे दिसले ते मला महत्त्वाचे वाटते. काम १ मार्चला सुरू होईल असे धरले आहे. दिवसांचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत; ठेकेदाराने ते दुरुस्त करावेत. गच्चीवर सोलरचे स्टँड व पाईप हलवायला ३ दिवस, जुना कोबा फोडून उतरवायला ६, नवे पाईप टाकायला ५, वॉटरप्रूफिंग व नव्या कोब्याला १०, पाणी मारायला १० आणि पाणी साठवून गळती तपासायला २, असे एकूण ३६ दिवस होतात. बाहेरच्या बाजूला परांची ५, डक्टमधील पाईप १२, गिलावा १०, त्यावर पाणी मारणे ७, गिलावा पूर्ण सुकणे २५ आणि रंग १५, असे ७४ दिवस होतात. म्हणजे गच्ची ५ एप्रिलला हातावेगळी होईल, पण रंग १३ मेपर्यंत चालेल. सभेत सगळी चर्चा गच्चीवर झाली. वेळ मात्र डक्टच्या पाईपांनी अडवून धरला आहे. तेथे प्लंबर तीन आठवडे उशिरा आला, तर रंग जूनमध्ये जाईल आणि पावसात सापडेल.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. वरच्या हिशेबाने गच्चीवरचे पाईप दहाव्या ते चौदाव्या दिवशी येतात आणि डक्टचे पाईप सहाव्या ते सतराव्या दिवशी. दोन्ही कामे एकाच प्लंबरच्या टोळीकडे जाणार आहेत. तोंडी बोलताना हा पेच कळत नाही. दोन पट्ट्या एकाखाली एक आल्या की लगेच दिसतो. त्यावरचा उपायही तक्त्यातच आहे. गच्चीचे काम ८ दिवस उशिरा सुरू करावे. तरीही ते १३ एप्रिलला संपते, टोळी आधी डक्टचे काम पुरे करते आणि कोबा फोडलेला स्लॅब अवकाळी पावसाच्या भीतीखाली उघडा पडून राहत नाही.

या तक्त्यात एक ओळ पाण्याची हवी, आणि सोलापुरात तर ती सर्वांत वर हवी. आपल्याकडे उजनीचे पाणी पाळीने, काही दिवसांच्या अंतराने येते. गिलाव्यावर आणि कोब्यावर पाणी मात्र रोज मारावे लागते. ते कमी पडले तर चिरा पडतात आणि मग दोष सिमेंटला दिला जातो. गच्ची तपासण्यासाठी ४,००० चौरस फुटांवर ५ सेंटिमीटर पाणी साठवायचे म्हटले, तरी सुमारे साडेअठरा हजार लिटर पाणी लागते. हे एप्रिलच्या उन्हात बोअरवर भागेल की टँकर मागवावे लागतील, आणि त्यांचा खर्च कोणाकडे, हे आताच लिहून ठेवले पाहिजे. तसेच रंगपंचमी, पाडवा आणि रमजान ईद मार्चमध्येच येतात. त्या दिवसांत कारागीर येणार नाहीत हे धरूनच तारखा टाकाव्यात.

वाहिन्यांच्या नकाशाबद्दल थोडक्यात लिहिते. गेल्या वर्षी ब विंगमधील एक व्हॉल्व्ह गळू लागला, तेव्हा तो कोणत्या लाईनवर आहे हे कोणालाच सांगता आले नाही आणि तिन्ही विंगचे पाणी दिवसभर बंद ठेवावे लागले. जमिनीखालची टाकी, पंप, वर चढणारी लाईन, वरच्या टाक्या आणि प्रत्येक विंगला उतरणारे पाईप एका कागदावर रेखाटावेत, महापालिकेची आणि बोअरची लाईन वेगळ्या रंगांत दाखवावी, प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक देऊन त्याच क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला व्हॉल्व्हवर अडकवावा आणि एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये लावावी. डक्ट उघडा असताना हे काम जवळपास फुकट होईल. तो बंद झाल्यावर ते करता येणार नाही.

एवढ्याशा कामाला इतके कागद कशाला, असे काही सभासदांना वाटेल. पण आपल्या शहरात चादरीची नक्षी मागावर चढण्याआधी आलेखाच्या कागदावर चौकोना-चौकोनाने उतरवली जाते, कारण विणून झाल्यावर धागा बदलता येत नाही. गिलाव्याआड गेलेल्या पाईपाचेही तसेच आहे.

तक्ता एकदा करून फाईलला लावला तर त्याचा उपयोग नाही. तो नोटीस बोर्डावर राहावा आणि दर शनिवारी ठरलेल्या पट्टीखाली प्रत्यक्ष झालेल्या कामाची लाल पट्टी ओढली जावी. ठेकेदाराचे हप्तेही तारखेला न बांधता तक्त्यातील टप्प्यांना बांधावेत, म्हणजे डक्टच्या पाईपांची दाबाने चाचणी झाल्यावर एक, गच्चीत पाणी साठवून खालच्या छताला ओल आली नाही हे पाहिल्यावर दुसरा. ही अट वर्क ऑर्डरमध्येच असावी; नंतर ती कोणी मान्य करणार नाही.

तक्त्याचा कच्चा आराखडा मी सोबत जोडला आहे. तो ठेकेदारासमोर बसून पक्का करण्यास आणि काम संपेपर्यंत दर शनिवारी भरण्यास मी तयार आहे. सचिवांवर त्याचा भार पडणार नाही. वर्क ऑर्डरवर सह्या होण्यापूर्वीच्या समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मला पंधरा मिनिटे बोलण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सभासद, ब विंग

सोबत : कामाच्या तक्त्याचा कच्चा आराखडा
प्रत : मा. सचिव व मा. खजिनदार