अण्णा बिचारा नव्हता

नाशिक, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मामाचा विषय निघाला की फोनवर आई रडते आणि बाबा हवापाण्यावर येतात, म्हणून लिहायला बसले. मागच्या आठवड्यात चिपळूणला मामीकडे जाऊन आले. वर्षश्राद्धाचं ठरवायचं होतं. ते चहा होईपर्यंत ठरलंसुद्धा. उरलेला सगळा वेळ मामी मामाबद्दल बोलत होती आणि मी ऐकत होते.

आई, तुझं एक वाक्य ठरलेलं आहे : "अण्णा बिचारा, जन्मभर बोगद्यात राबला, सुख म्हणून लाभलं नाही." बाबांचंही ठरलेलं : "कसला बिचारा? खुशालचेंडू माणूस, मजेत जगला." लग्न झाल्यापासून तुमचं यावर एकमत झालेलं नाही. मामीचं ऐकल्यावर मला वाटतं, भांडण सोडून द्या. त्यातही आईने आधी सोडावं, कारण 'बिचारा' हा शब्द मामाला अजिबात शोभत नाही.

राबला हे खरंच. सातवीनंतर शाळा सुटली आणि तो कोयनेच्या बांधकामावर हेल्पर लागला. १९६२ साली पोफळीचं वीजघर सुरू झालं, पुढे तिथेच फिटर झाला आणि तिथूनच निवृत्त. लहानपणी त्याने मला एकदा आत नेलं होतं. डोंगराच्या पोटात गाडी शिरते, बाहेर धो धो पाऊस आणि आत कोंदट ऊब, तेलाचा वास. पायाखालची जमीन थरथरत होती. त्याने माझा तळवा तिथल्या एका लोखंडी कठड्यावर ठेवला आणि कानाशी ओरडला, "हे पाणी जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली पडून इथे येतं आणि मग मामाच्या ताब्यात!" घरी आल्यावर आधी रॉकेलने, मग साबणाने हात धुवायचा. तरी नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ राहायचीच. त्याच हातांनी सुरमईच्या तुकड्यांना मीठ-हळद लावायचा, मामीला हात लावू द्यायचा नाही.

बाबा, तुम्ही मुंबईचे जावई म्हणून तर त्याच्या तावडीत आयतेच सापडलात. "जावईबापू, आज संध्याकाळी तुमच्याकडे दिवा लावू का राहू दे?" तुम्ही चिडून म्हणायचात की गिरगावात बेस्टची वीज येते. "बेस्टला कोण देतं?" टाटा देतात. "आणि टाटांना कमी पडली की?" यावर तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात. दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात आईसाठी साडी आणि तुमच्यासाठी बिल. लॉगशीटच्या पाठकोऱ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात : वर्षभराच्या उजेडाचे, मेहुण्याची सवलत वजा जाता, एक पानाचा विडा येणे. खाली सही, शिक्का म्हणून अंगठ्याचा ग्रीसमधला ठसा.

कॉलनीतल्या गणपतीत त्याचं नाटक असायचं ते तुम्ही दोघांनी पाहिलंय. त्याला कायम गड्याचं नाहीतर भटजीचं काम, कारण नायकाची वाक्यं त्याला हसू न येता म्हणता यायची नाहीत. तालीम रात्री नऊला. दुसरी पाळी असली की तो अकरानंतर पोहोचायचा, तेव्हा बाकीचे जांभया देत असायचे आणि हा ताजातवाना. मामीने एक गोष्ट सांगितली ती मला नवीन होती. त्यांच्या मंडळातल्या एकाचं गाव कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाच्या पाण्याखाली गेलं होतं. त्याच्यासमोर धरणावरून, पाण्यावरून कुणी विनोद केला की मामा लगेच तालीम थांबवायचा. बाकी जगातल्या कुठल्याही गोष्टीची टर उडवायला त्याची ना नव्हती.

आता कोयनेच्या भूकंपाचं. आपल्याला माहीत असलेली त्याची गोष्ट म्हणजे शेजारचे काका घाबरून बाहेर पळाले, ते बायकोमुलांच्या आधी लोणच्याची बरणी घेऊन. ही गोष्ट तो इतकी रंगवायचा की ११ डिसेंबर १९६७ ही आपल्या घरात जवळजवळ विनोदाची तारीख झाली होती. पुढचं मामीने आत्ता सांगितलं. मामाची बदली नुकतीच खाली पोफळीला झाली होती, बिऱ्हाड मात्र अजून वर कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये. तो रातपाळीला. पहाटे सव्वाचारच्या सुमारास जमीन हादरली, क्वार्टरची मागची भिंत बाजेवर कोसळली. आपला थोरला तेव्हा तान्हा. तो रडत होता म्हणून मामी त्याला घेऊन पुढच्या दाराशी फेऱ्या मारत होती, तेवढ्यावर दोघं वाचली. मामाला खाली नीट काहीच कळत नव्हतं, धरण फुटल्याच्या अफवा तेवढ्या उठत होत्या. धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं, हे सगळं नंतरचं. तो मिळेल त्या ट्रकने आणि जिथे दरड आली होती तिथे पायी, कुंभार्ली घाट चढून आला. मामी पटांगणात गोधडी पांघरून बसलेली. त्याने मुलाला घेतलं, छातीशी धरलं आणि एक अक्षर बोलला नाही. मामी म्हणते, "त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा गप्प बघितला आणि मला भूकंपापेक्षा त्याची भीती वाटली." मग मूल तिच्याकडे देऊन तो ढिगारे उपसायला गेला. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यातली किती त्याने स्वतः बाहेर काढली ते त्याने मामीलाही सांगितलं नाही. बरणीची गोष्ट त्याने राहुट्यांमध्ये पहिल्यांदा सांगितली, भेदरलेल्या पोरांना. ती हसली, मग आयाही हसल्या. तेव्हापासून ती चालू.

मामीने माळ्यावरून त्याच्या हिशेबाच्या डायऱ्या काढून दिल्या. माळ्यावर होत्या म्हणून २२ जुलै २०२१ च्या पुरातून वाचल्या, खालच्या मजल्यावरचं काहीच राहिलं नाही. (वाशिष्ठीचं पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं आणि पंच्याऐशी पूर्ण झालेला हा माणूस वर बसून म्हणत होता, "आयुष्यभर याला कामाला लावलं, आज पगार मागायला आलाय.") आई, त्या डायऱ्या तू वाचच. एकाच पानावर 'धाकटीची डी.एड.ची फी', त्याखाली 'सुरमई', त्याखाली 'दाढीमिशा भाड्याने', त्याखाली 'ओव्हरटाइम जमा'. तुझ्या फीसाठी त्याने जादा पाळ्या केल्या हे तू नेहमी सांगतेस. पण त्या महिन्यांतही सुरमई चुकलेली नाही आणि दाढीमिशाही नाहीत. महिना ओढगस्तीचा असला तर मासळी बारीक होते, बांगडा येतो, एवढंच. स्वतःच्या मजेचा खर्च त्याने फीइतक्याच निगुतीने मांडून ठेवला आहे. आणि बाबा, ज्याला तुम्ही खुशालचेंडू म्हणता, त्याच्या डायरीत वीज बोर्डाच्या सोसायटीच्या कर्जाचा एकही हप्ता उशिरा गेलेला नाही.

निवृत्तीनंतरही त्याचा जीव तिथेच होता. मार्च १९९९ मध्ये कोयनेचं लेक टॅपिंग झालं, म्हणजे भरलेल्या जलाशयाला खालून बोगदा जोडला, तेव्हा आपल्याकडे जेवताना आमटीची वाटी हातात धरून त्याने समजावलं होतं : भरलेल्या वाटीला खालून भोक पाडायचं, वाटी रिकामी करायची नाही आणि थेंब बाहेर सांडू द्यायचा नाही. मग प्रात्यक्षिक करायला निघाला तेव्हा आईने वाटी काढून घेतली.

आता कामाचं. श्राद्ध गुरुवारी. शुक्रवारी संध्याकाळी कॉलनीतले जुने नटसम्राट, म्हणजे जेवढे उरले आहेत तेवढे, अंगणात एक प्रवेश करणार आहेत. मामीनेच बोलावलंय. भटजी-गड्याचा आहे, गड्याचं काम आपला थोरला करतोय आणि पाठांतराच्या नावाने बोंब आहे. आई, तुला हे आवडायचं नाही असं मामीला वाटतंय, म्हणून तू तिला आधी फोन कर आणि येते म्हणून सांग. नुसतं सांग, रडू नको. आणि बाबा, भाऊबीजेची ती सगळी बिलं तुमच्या कपाटात विम्याच्या कागदांखाली आहेत, हे मला गेल्या वर्षीच कळलंय. ती घेऊन या. मामीला बघायची आहेत. इतक्या वर्षांचे विडे तुम्ही तिच्याकडे चुकते करावेत असंही तिचं म्हणणं आहे.

मांडवी एक्सप्रेसची तिकिटं मी इथूनच काढते. ठाण्याला चढा, दादरच्या भानगडीत पडू नका. आईचा गुडघ्याचा पट्टा आणि बाबांच्या गोळ्या वरच्या पिशवीत ठेवा. डायऱ्या चिपळूणलाच ठेवल्या आहेत, तिथे मिळतील.

तुमची,
लेक