केद्या, तुझ्या नावाचं क्रियापद

माद्रिद, १८ जानेवारी

प्रिय केद्या,

आठ महिने पत्र नाही, फोनवर नुसतं 'बोलू निवांत'. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा जुनाच.

झालंय असं, की तुझ्या नावाने माझा घात केला. इथे एक क्रियापद आहे, केदार. उच्चार तुझाच, फक्त 'दा'वर जोर. वर्गात बाईंनी पहिल्यांदा ते मोठ्याने म्हटलं तेव्हा मी चक्क मागे वळून बघितलं होतं. मूळ लॅटिन, अर्थ शांत करणं. हे ऐकून पम्या हसून हसून मेला असता.

गुरुवारी ऑफिसात मीटिंग संपली. काही जण तिथेच बिअर उघडणार होते. साहेब दारात कोट चढवता चढवता म्हणाले, "एन्तोन्सेस, ते केदास?" म्हणजे, मग, थांबतोयस ना? मी म्हटलं, "क्लारो, मे केदो." थांबतो की. साहेबांनी पाठीवर थाप मारली, हात दाबला आणि बिअरला न थांबता घरी गेले. शुक्रवारी सकाळी मेलमध्ये आणखी दोन वर्षांचा करार, सहीसाठी.

बरं, हे क्रियापद नुसतं थांबण्याचं असतं तर गोष्ट वेगळी. स्टेशन लांब आहे, केदा. खिशात दहा युरो उरलेत, केदान. बाईला दिवस राहिले, पुन्हा केदार. यात मला काही परकं वाटलं नाही, आपल्याकडेही राहतातच. तुझा एम-थ्री तीनदा राहिला ना, तसंच इथलं पोरगं गणितात नापास झालं की त्याचं गणितही 'केदा'. २०२० च्या ऑक्टोबरात रात्रीची संचारबंदी लागली, तिला लोक म्हणायचे 'तोके दे केदा'. तिथेही तू! दुकानात कोट घालून बघितला तर बाई म्हणाल्या, "ले केदा ग्रांदे", तुम्हाला मोठा होतोय. नोकरी झेपत नसली तरी हेच म्हणतात. साहेब अजून म्हणालेले नाहीत.

आता नाही म्हटलं तर 'केदार माल', म्हणजे साहेबांपुढे माझा शब्द गेला. हो म्हटलं तर तोच आईपुढे जातो. मार्चमध्ये कायमचा येतो म्हणून तिला सांगून बसलोय. तिने वरची खोली रंगवून घेतली, पिस्ता रंग, मला विचारून. मी फोनवर 'छान' म्हणालो. करार छापून टेबलावर ठेवलाय, उडू नये म्हणून वर मिठाची बरणी.

वहिनींची बदली झाली का रे? ओवीचे पुढचे दात आले असतील. दुकानाच्या शटरचं काम पम्याच्या मेव्हण्याला देऊ नकोस, एवढं ऐक.

काल सोल चौकात एकाला भेटायचं होतं. तिथे अस्वलाचा पुतळा आहे, १९६७ चा, झाडाला पुढचे पाय टेकून उभं असलेलं अस्वल. अख्खं माद्रिद भेटायचं ठरवतं ते त्याच्या पायाशी, आणि अशा भेट ठरवण्यालाही केदारच म्हणतात. मी वीस मिनिटं ताटकळलो. शेजारी एक पोरगी फोनवर ओरडत होती, "आबिआमोस केदादो!" आपलं ठरलं होतं! तिचा आवाज रडवेला होता, एका हातात केकचा खोका, दोरीने बांधलेला, आणि ती तो पुन्हा पुन्हा सरळ धरत होती.

मला मिरज स्टेशन आठवलं. दोन नंबर प्लॅटफॉर्म, तू आणि तुझ्या त्या दोन पिशव्या.

केद्या, गाडी चुकली नव्हती. मी पुण्याहून निघालोच नव्हतो. खोलीवर पडून होतो, गाडीची वेळ होऊन गेली तेव्हा उठून चहा केला. चौदा वर्षं 'गाडी चुकली' चाललंय, तूही कधी खोदून विचारलं नाहीस. वाडीला जाताना एकदा म्हणालास, "तुझ्या गाड्या बऱ्या चुकतात." मी भांडलो होतो, आठवतं? बुलेटच्या पैशांवरून नव्हतं ते भांडण.

तर ऑफिसात सगळ्यांना हसत हसत सांगतोय, मला वाटलं बिअरला थांबायचं विचारतायत. लोक पोट धरून हसतात. तू हसणार नाहीस. भाषेची बी-टू परीक्षा गेल्या वर्षी पास झालोय, पेढ्यांच्या पैशांवरून तू आठवडाभर डोकं खाल्लं होतंस. साहेबांनी कोटाची बटणं लावणं थांबवून माझ्याकडे बघितलं होतं. बिअरचं विचारताना कोणी असं बघत नाही.

आईला अजून बोललेलो नाही. रविवारी जाशील तेव्हा ती तारीख विचारेल. खोटं सांगू नकोस, पण पंख्याचा कपॅसिटर बदलायला घे, वेळ जाईल. नंतर नऊ वाजता घरी थांब, मी फोन करतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. त्या दोन पिशव्यांत काय होतं, ते तू कधीच सांगितलं नाहीस.